वैशाखातील डोंगरधाव : धावपटूची तयारी आणि गावाची तयारी

(ग्रामीण भागातील शिक्षक, पंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चैत्र-वैशाखाचे दिवस हे आपल्याकडे जत्रांचे आणि सुट्टीचे दिवस. शेतीची बरीचशी कामे उरकलेली असतात, परीक्षा संपलेल्या असतात आणि गावातील तरुण वर्ग मोकळा असतो. साहजिकच धावण्याच्या शर्यती याच दिवसांत योजल्या जातात. पोलीस, सैन्य व वन खात्याच्या भरतीसाठी सराव करणारी मुलेमुलीही याच दिवसांत गावालगतच्या टेकडीवर धावताना दिसतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. सडक सोडून डोंगरवाटेने, रानातून, खिंडी ओलांडीत पंचवीस, पन्नास किंवा त्याहूनही अधिक किलोमीटर धावण्याचा हा प्रकार शहरांतून आला असला, तरी त्याच्या वाटा सह्याद्रीच्या कुशीतील गावांमधूनच जातात. धावणारा शहरातून येवो वा गावातलाच असो, त्याला पाणी द्यावयाचे आणि तो कोसळला तर त्याला उचलून आणावयाचे, हे काम अखेर गावाकडेच येते. तेव्हा या विषयाचा विचार केवळ खेळाडूंनी करून भागणार नाही.

प्रश्न जीविताचा आहे. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत झारखंड राज्यात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना ६० मिनिटांत १० किलोमीटर धावावयाचे होते. त्या चाचण्यांच्या काळात दहाहून अधिक तरुण मृत्युमुखी पडले आणि भरती काही दिवस थांबवावी लागली. मृत्यूंच्या कारणांविषयी वाद झाले, ते होणारच. परंतु सकाळी नऊनंतर कोणालाही धावावयास लावू नये, असे त्यानंतर जाहीर करावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ती मुले आळशी नव्हती. नोकरीच्या आशेने जिवाचे रान करणारी होती. उन्हात धोका अधिक असतो तो अशाच मुलांना, कारण शरीर नको म्हणत असताना मन पुढे रेटण्याची ताकद त्यांच्यापाशी असते.

लांब पल्ल्याच्या डोंगरधावेचा आधुनिक इतिहास पाहिला, तर तिची आणि उन्हाची गाठ प्रथमपासूनच पडलेली दिसते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा पर्वतातून एका दिवसात १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर, जाण्याची घोडेस्वारांची शर्यत १९५५ पासून होत असे. गॉर्डी एन्सली नावाच्या तरुण स्वाराचा घोडा १९७३ साली वाटेत लंगडा झाला. पुढील वर्षी, १९७४ च्या ऑगस्टमध्ये, त्याने घोड्यावाचून पायीच ते अंतर तोडावयाचे ठरविले व २३ तास ४२ मिनिटांत ते पुरे केले. त्या मार्गावर उंच खिंडीतून खाली उतरत धावपटू खोल दऱ्यांत शिरतो. वारा तेथे अडलेला असतो आणि पारा ४० अंशांपुढे जाऊ शकतो. १९७७ मध्ये याच वाटेवर पहिली रीतसर शर्यत झाली. निघाले चौदा जण आणि शेवटास गेले फक्त तीन! बाकीचे अकरा वाटेत थांबले किंवा त्यांना थांबविण्यात आले. पोहोचलेल्या तिघांपैकी एक होते डॉ. राल्फ पॅफेनबर्गर. व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध दाखविणाऱ्या संशोधनामुळे त्यांचे नाव जगाला ठाऊक आहे. पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थांनी अठ्ठावीस तासांहून अधिक वेळ घेतला. वेगाच्या दृष्टीने ही कामगिरी साधारण दिसेल. उन्हाच्या दृष्टीने पाहिल्यास, त्यांच्याहून कितीतरी चपळ असलेली माणसे वाटेतच राहिली असताना ते पोहोचले, हे ध्यानात घ्यावे लागते.

ही शर्यत आजही जूनच्या अखेरीस होते. ती घेणारी मंडळी शर्यतीच्या साधारण महिनाभर आधी, मे महिन्याच्या शेवटी, इच्छुकांना त्याच दऱ्यांतून तीन दिवस सरावासाठी धावण्याची संधी देतात. वाट ओळखीची व्हावी हा त्यातील एक हेतू. उन्हाची ओळख व्हावी हा दुसरा, आणि कदाचित अधिक मोलाचा.

आता उन्हात धावताना शरीरात काय घडते ते पाहू. हिशेब प्राथमिक शाळेतील आहे. शिक्षकांना तो फळ्यावर मांडता येईल. साठ किलो वजनाचा तरुण सपाटीवर ताशी १० किलोमीटर वेगाने धावला, तर तासाला सुमारे ६०० किलोकॅलरी ऊर्जा खर्ची पडते. तिच्यापैकी जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ही सारी उष्णता अंगातच कोंडून राहिली, तर शरीराचे तापमान दर सहा-सात मिनिटांना एक अंश सेल्सिअसने चढेल. ३७ अंशांवरून ४१ अंशांवर जाण्यास अर्धा तासही लागणार नाही. तसे होत नाही, याचे श्रेय घामाचे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. यातील ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो घाम थेंबाथेंबाने जमिनीवर गळतो, तो पाणी आणि मीठ घेऊन जातो. उष्णता मात्र मागे ठेवून जातो.

विदर्भातील ऊन आणि कोकणातील ऊन यांत फरक पडतो तो इथेच. हवेचे तापमान ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आतबाहेर दाखवील. तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तोच तापमापक २८ अंशांच्या वर जाईल. वर्तमानपत्रात पहिला आकडा भयंकर वाटतो आणि दुसरा सौम्य. धावणाऱ्याच्या घामाला मात्र दुसऱ्या हवेत वाळण्यास वाव कमी मिळतो. म्हणून ‘आमच्याकडे पारा कुठे चाळीसला जातो?’ असे म्हणत किनारपट्टीवरील गावांनी निश्चिंत राहू नये. उलट, कोरड्या हवेत घाम उमटताक्षणी वाळून जात असल्याने किती पाणी गेले हे कळतच नाही, ही घाटमाथ्यापलीकडील मंडळींनी ओळखावयाची गोष्ट.

१९५० च्या दशकात अमेरिकेतील नौसैनिकांच्या पॅरिस आयलंड येथील प्रशिक्षण केंद्रात उन्हामुळे तरुण शिपाई मोठ्या प्रमाणावर आजारी पडू लागले, तेव्हा तेथील तज्ज्ञांनी तीन तापमापकांचा मिळून एक निर्देशांक बसविला. दहापैकी सात भाग ओल्या फडक्याच्या तापमापकाला, दोन भाग उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला आणि अवघा एक भाग साध्या तापमापकाला. हा निर्देशांक सुमारे ३२ अंशांवर गेला की मैदानावर काळे निशाण चढते आणि कवायत बंद होते. निशाण चढल्यावर हुज्जत घालण्याचे कारण उरत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. काळा गोळा प्रत्येक गावाला मिळणार नाही. परंतु माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत दोन तापमापक, एक सुती फडके आणि वाटीभर पाणी खचित मिळते. शर्यतीच्या आधी आठ-दहा दिवस सकाळी सहा, आठ आणि दहा वाजता मुलांकडून नोंदी करवून घेतल्या, तर कोणत्या वेळेनंतर धाव थांबवावी हे गावाला स्वतःच्या आकड्यांवरून ठरविता येईल, आणि मुलांचा विज्ञानाचा एक धडाही होईल.

तयारीचा गाभा मात्र शरीराला उन्हाची सवय लावण्यात आहे. सवय हा शब्द येथे मनाच्या अंगाने घ्यावयाचा नाही. शरीरात खरोखरच फेरबदल होतात. रोज तासा-सव्वातासाचे श्रम उन्हात केले, तर पहिल्या तीन ते पाच दिवसांत रक्तातील पातळ द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटू लागतो व अधिक सुटतो. पुढे त्यातील मिठाचे प्रमाण घटते, म्हणजे शरीर काटकसरीने वागू लागते. हे सारे स्थिरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तो काळ पैशाने किंवा निर्धाराने आखूड होत नाही. तसेच ऊन सोडले की दोन ते चार आठवड्यांत ही कमाई ओसरते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याची शिदोरी या वर्षी कामास येत नाही.

हे ज्ञान जगाला खेळाच्या मैदानावर मिळालेले नाही. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणी जसजशा खोल जाऊ लागल्या, तसतसे १९२० च्या दशकापासून तेथे उष्माघाताने मजूर दगावू लागले. १९३० च्या दशकात खाणीवरील डॉ. ड्रिओस्टी यांनी नव्या मजुरांना उष्ण, दमट खोलीत खडी उपसावयास लावून कोणाला उष्णता सोसते व कोणाला सोसत नाही याची पाहणी केली, आणि नवागतांना काही दिवस हलके काम देऊन टप्प्याटप्प्याने भारी कामाकडे नेण्याची पद्धत तेथे पडली. उद्देश उत्पादन वाढविण्याचा होता, आणि ज्यांच्या अंगावर ही परीक्षा झाली त्या आफ्रिकी मजुरांना कोणी विचारले नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. आजचा हौशी धावपटू ज्या नियमाने सराव करतो, तो नियम त्या मजुरांच्या घामातून निघालेला आहे.

मग प्रत्यक्षात करावयाचे काय? शर्यत वैशाखात असेल, तर निदान तीन आठवडे आधी सुरुवात करावी. लांब अंतराचा सराव पहाटेच, गार वेळी. उन्हाचा सराव वेगळा : सकाळी नऊच्या सुमारास किंवा संध्याकाळी साडेचार-पाच वाजता, पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटे आणि तीही बोलता येईल इतक्या मंद गतीने. दररोज पाच-सात मिनिटांची भर घालीत दोन आठवड्यांत तो सव्वा तासावर न्यावा. पारा ४२-४३ अंशांवर असेल, त्या दिवशी धावू नये, चालणे पुरे. भर दुपारी एक-दोन वाजता धावून ‘अंग तापवून घेण्याची’ जी रीत काही ठिकाणी दिसते, ती सर्वथा त्याज्य होय. वजन उतरविण्यासाठी प्लॅस्टिकचा अंगरखा किंवा रेनकोट घालून धावण्याचा प्रघात भरतीच्या मुलांमध्ये आहे. तो तर घामाचे वाळणेच बंद करतो. त्याने उतरते ते पाणी, चरबी नव्हे. आणि क्रीडा शिक्षकांनी हा अंगरखा दिसताक्षणी उतरवावयास लावला पाहिजे. अखेरच्या पाच-सहा दिवसांत सराव कमी करून अंगाला विसावा द्यावा.

शहरातून येणाऱ्यांची अडचण निराळी असते. दिवसभर गार हवेच्या यंत्राखाली बसणारा माणूस पहाटे सहा ते सात धावतो आणि वर्षभराच्या सरावाच्या भरवशावर शर्यतीला येतो. पायांची तयारी उत्तम असते, त्वचेची मात्र मुळीच झालेली नसते. धाव संपल्यावर सुमारे ४० अंश तापमानाच्या पाण्यात अर्धा तास बसण्याचा उपाय इंग्लंड-वेल्सकडील अभ्यासकांनी पडताळून पाहिला आहे व सहा दिवसांत त्याचा गुण दिसला आहे. ज्यांना ऊनच मिळत नाही त्यांच्यासाठी तो ठीक आहे. महाराष्ट्रात एप्रिल महिन्यात ऊन विकत आणावे लागत नाही.

ग्रामीण तरुणाला उन्हाची सवय असतेच, असेही गृहीत धरू नये. शेतात राबणारा मुलगा आणि वसतिगृहात राहून अभ्यास करणारा त्याचा भाऊ यांच्या शरीरांत मोठे अंतर पडलेले असते. शिवाय राबणारी माणसे उन्हाशी झुंजत नाहीत, ती त्याला वळसा घालतात. गोंदिया-गडचिरोलीकडे तेंदूपाने तोडणारी कुटुंबे पहाटेच रानात शिरतात आणि ऊन चढले की जुड्या बांधण्याचे काम सावलीला बसून करतात. पंढरीची दिंडी पहाटे निघते, विसाव्याच्या जागा तिने पिढ्यान्‌पिढ्या ठरविलेल्या आहेत आणि पाण्याची सोय बरोबर चालते. शर्यतीची आखणी करणाऱ्यांनी पुस्तकाबरोबरच या लोकांनाही विचारावे.

पाण्याविषयी दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. धावताना पाणी प्याल्यास पोटात दुखते म्हणून कोरडे धावावे, हा जुना समज. त्यावर उतारा म्हणून मिळेल तेथे, मिळेल तितके पाणी पीत जावे, हा नवा. २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण घटलेले आढळले. ज्यांचे वजन धावेत घटण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात हे विशेष दिसले. म्हणजे तहानेपेक्षा जास्त प्यालेले साधे पाणीही मेंदूला सूज आणू शकते. यातून मार्ग सोपा आहे. सरावाच्या वेळी धावेपूर्वी आणि धावेनंतर, अंग पुसून, वजन करावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील काटा त्यासाठी पुरे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. अशा चार-पाच नोंदींवरून प्रत्येकाला आपला घाम मोजता येतो. तहान लागेल तसे, तासाला साधारण अर्ध्या ते पाऊण लिटरच्या आसपास, घोटाघोटाने प्यावे, आणि धाव संपताना वजन किंचित कमी भरावे, वाढलेले मुळीच नसावे.

एका लिटर घामातून साधारणपणे दोन-तीन ग्रॅम मीठ जाते. त्याची भरपाई करण्यास परदेशी डबे आणावयास नकोत. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व पाण्याच्या द्रावणाने कॉलऱ्याच्या रुग्णांचे प्राण मोठ्या संख्येने वाचविले. त्या द्रावणाची पाकिटे आज प्रत्येक उपकेंद्रात मिळतात. पाकीट नसेल, तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेले ताक, कोकमाचे सरबत, पन्हे ही आपली पेयेही चांगलीच. मात्र शर्यतीच्या दिवशी नवे काही पोटात घालू नये, जे सरावात पचले तेच घ्यावे. खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, ही समजूत फार जुनी आहे. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशातून तो काही करीत नाही. त्यापेक्षा मानेवर ओले उपरणे आणि डोक्यावर भिजवलेली सुती टोपी शतपट गुणकारी. कॅलिफोर्नियातील धावपटू रुमालात बर्फ बांधून मानेभोवती गुंडाळतात आणि वाटेतील ओढ्यात खुशाल बसून घेतात, तेही याचसाठी.

येथवर धावपटूचे झाले. आता गावाचे.

मार्गाची पाहणी शर्यत ज्या महिन्यात व्हावयाची त्याच महिन्यात करावी. पावसाळ्यात किंवा दिवाळीत पाहिलेली वाट एप्रिलमध्ये ओळखू येत नाही. त्या वेळी वाहते असलेले झरे आटलेले असतात, पानगळीच्या रानातील सावली नाहीशी झालेली असते, आणि उघडा कातळ सकाळी नऊपासूनच तव्यासारखा तापू लागतो. रानातील जे पाणवठे उरलेले असतात ते वन्य प्राण्यांचे आहेत. त्यांवर धावपटूंचा भार टाकू नये. वन खात्याची परवानगी हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. वणव्याचे हेच दिवस, आणि कड्यांवरील आग्या मोहोळे चवताळण्याचेही हेच. वनरक्षकाला कोणत्या कड्याखालून माणसे नेऊ नयेत हे नेमके माहीत असते. एप्रिलअखेर सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. पंचवीस किलोमीटरची धाव पाच वाजता उजेडाच्या दिव्यांनिशी सुरू केली, तर बहुतेकांचा चढ ऊन लागण्यापूर्वी आटोपतो. पाहुणे उशिरा येणार म्हणून उद्घाटन लांबविण्याची आपल्याकडील प्रथा सभागृहात खपते. येथे त्या तासाभराची किंमत धावणारे मोजतात. निशाण हलविण्यास गावातील एखादी आजीबाई चालेल.

पाण्याची ठाणी उघड्या उताराच्या पायथ्याशी व माथ्यावर, दोन्हीकडे हवीत. प्रत्येक ठाण्यावर पिण्याचे पाणी वेगळे आणि अंगावर ओतण्याचे वेगळे. बसण्यास सावली, मीठ-साखरेचे पाणी, आणि धावपटूला ओळखीचे दोन प्रश्न विचारणारा एक शहाणा माणूस. त्याचे नाव काय, गाव कोणते, पुढचे ठाणे कोणते, हे नीट सांगता आले नाही, पाय लटपटत असले, तो विनाकारण चिडला किंवा भलतेच बोलू लागला, तर त्याला तेथेच बसवावे. उन्हाचा पहिला घाव पायांवर पडलेला दिसतो. घातक घाव मेंदूवर पडतो. उष्माघातात घाम थांबतो, त्वचा कोरडी पडते, असे पुष्कळांनी ऐकलेले असते. घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते. धावणाऱ्याला मात्र अंग घामाने निथळत असतानाच उष्माघात होऊ शकतो. ‘घाम येतो आहे, म्हणजे ठीक आहे’, या समाधानाने प्राण गेल्याची शक्यता असते.

असा माणूस कोसळला तर पहिले काम त्याला गार करण्याचे, दुसरे रुग्णालयात नेण्याचे. हा क्रम उलटा वाटतो, म्हणून तो पुन्हा सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॅल्मथ येथे दर ऑगस्टमध्ये सुमारे सव्वाअकरा किलोमीटरची शर्यत होते. तेथे अठरा वर्षांच्या काळात उष्माघाताचे २७४ रुग्ण समाप्तिरेषेजवळच बर्फाच्या पाण्यात बुडवून उपचारिले गेले, आणि त्यांपैकी एकही दगावला नाही. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर माणूस वाचतो. घाटातल्या वाटेने रुग्णवाहिका येईपर्यंत आणि तालुक्याला पोहोचेपर्यंत तो अर्धा तास निघून गेलेला असतो. १०८ क्रमांकावर दूरध्वनी ताबडतोब करावाच. पण वाट पाहत बसू नये.

यासाठी लागणारे साहित्य गावात आहे. गुरांना पाणी पाजण्याचा सिमेंटचा हौद घासून धुऊन भरला आणि त्यात बर्फाच्या चार लाद्या फोडून टाकल्या, की उत्तम सोय झाली. हौद दूर असेल, तर धान्य वाळविण्याची ताडपत्री चौघांनी कडेने उचलून धरावी, मध्ये रुग्णाला निजवावे आणि वर गार पाणी व बर्फ ओतून पाणी हलवीत राहावे. मानेपर्यंत बुडवावे. डोके मात्र पाण्याबाहेर राहील अशा बेताने बगलेखालून उपरणे घालून एकाने धरून ठेवावे. विहिरीत वा ओढ्याच्या डोहात उतरवू नये. डॉक्टर व गुदद्वारातून मोजण्याचा तापमापक असेल, तर तापमान ३९ अंशांपर्यंत उतरताच बाहेर काढावे. तसे नसेल, तर दहा ते पंधरा मिनिटे. कपाळावर पट्ट्या ठेवणे, वारा घालणे, तापाची गोळी देणे यांनी हे काम होत नाही. गोळीचा तर येथे काहीच उपयोग नाही, कारण हा ताप रोगजंतूंचा नव्हे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. शर्यतीच्या आदल्या दिवशी एखाद्या धडधाकट तरुणाला ताडपत्रीत घालून या सगळ्याची रंगीत तालीम करावी. थोडा हशा पिकेल, पण दुसऱ्या दिवशी हात चाचपडणार नाहीत.

कोणाला शर्यतीस उतरू द्यावयाचे नाही, हेही आधीच ठरवून जाहीर केलेले बरे. आठवड्याभरात ताप किंवा जुलाब झालेला, रात्रभर जत्रेत जागलेला, मद्य घेतलेला, ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या अनोळखी गोळ्या घेणारा, अशांनी त्या दिवशी पाणी वाटावे. पंच ओळखीचा असला की त्याला गळ घातली जाते. म्हणून हा निर्णय आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे सोपविणे श्रेयस्कर.

थांबण्याला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. १४ जुलै १९१२ रोजी स्टॉकहोम ऑलिंपिकची मॅरेथॉन कडक उन्हात झाली. पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लाझारो या सुतारकाम करणाऱ्या तरुणाने अंगाला चरबीचा लेप लावला होता; त्याने त्वचेची रंध्रे बुजली. तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मरण पावला. त्याच शर्यतीत जपानचे शिझो कानाकुरी उन्हाने बेजार झाले. वाटेतील एका घरच्या बागेत त्यांनी आसरा घेतला, तेथील कुटुंबाने त्यांना पेय दिले, आणि कोणालाही न कळविता ते परत गेले. स्वीडनमध्ये त्यांची गणना बेपत्ता म्हणून झाली. त्यांनी पुढे १९२० मध्ये टोकियो ते हाकोने ही सांघिक धाव सुरू करण्यात पुढाकार घेतला, १९६७ साली स्टॉकहोमला जाऊन आपली अपुरी शर्यत समारंभपूर्वक पुरी केली, आणि १९८३ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कानाकुरींनी थांबल्याचे कोणाला कळविले नाही, एवढी एकच गोष्ट मात्र अनुकरण करण्यासारखी नाही.

म्हणून प्रत्येक ठाण्यावर वही असावी. निघालेल्यांचे क्रमांक, पोहोचलेल्यांचे क्रमांक आणि थांबलेल्यांचे क्रमांक वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. ज्या खिंडीत दूरध्वनी लागत नाही तेथे निरोप नेण्यासाठी पायाने चपळ अशी दोन मुले ठेवावीत. शेवटच्या धावपटूच्या मागे, हातात पाणी घेऊन, वाट माहीत असलेले दोघे चालत यावेत. त्यांनी ठाणे ओलांडल्याखेरीज ते ठाणे उठवू नये. समाप्तिरेषेवर बक्षिसांचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी वह्यांची बेरीज जुळवावी. एक क्रमांक जरी जुळला नाही, तरी शोधाला माणसे मागे पाठवावीत. आणि तो जुळेपर्यंत, बर्फ विरघळला असला तरी, हौद रिकामा करू नये.